डिझाइन केलेलं एन्झाइम काहीच करत नाही: पावसाळ्यात हमखास येणारी अडचण आणि ती शोधण्याचा क्रम

आधी लक्षणं सांगते, म्हणजे ही पोस्ट तुमच्यासाठी आहे की नाही ते लगेच कळेल.

कॉम्प्युटरवर नव्याने आखलेल्या एन्झाइमचं, म्हणजे अभिक्रिया घडवणाऱ्या प्रोटीनचं, मॉडेल देखणं दिसत होतं. जीन बनवून आलं, बॅक्टेरियात घातलं, प्रोटीन भरपूर मिळालं. जेलवर योग्य जागी एकच जाड पट्टा. मग सब्स्ट्रेटमध्ये (एन्झाइमने ज्यावर काम करायचं त्या पदार्थात) प्रोटीन घातलं आणि ग्राफ आडवा. किंवा चढला, पण ब्लँकचा (प्रोटीन न घातलेल्या नळीचा) ग्राफ जेवढा चढतो तेवढाच.

दुसरं लक्षण: मार्चमध्ये चालणारं एन्झाइम जुलैमध्ये बंद. तोच प्लास्मिड (जीन वाहून नेणारा डीएनएचा गोल तुकडा), तीच पद्धत, तेच हात.

तिसऱ्या लक्षणाला कुणी बिघाड म्हणत नाही, म्हणून ते जास्त धोक्याचं: एन्झाइम चालतं, पण शेजारच्या टेबलावरचं भलतंच प्रोटीन घातलं तरी तितकंच चालतं.

ही तिन्ही एकाच घरातली आहेत आणि तपासायचा क्रमही एकच आहे. माझ्या स्वतःच्या पीएचडीत आणि नंतर ज्युनिअर मुलांसोबत मी हा बिघाड इतक्यांदा काढलाय की रत्नागिरीत पहिला पाऊस पडला की आता कुणाचा फोन येणार ते मला माहीत असतं. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, माझं डिझाइनच चुकलंय." बहुतेक वेळा डिझाइनपर्यंत जायची गरजच पडत नाही.

मी बोलतेय ते मुख्यतः केम्प एलिमिनेशनबद्दल, कारण कृत्रिम एन्झाइम शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथून सुरुवात करतो. ५-नायट्रोबेन्झआयसॉक्साझोल नावाचा एक जवळपास रंगहीन पदार्थ असतो. त्याच्या एका कार्बनवरचा प्रोटॉन कुणी ओढून घेतला की कडं उघडतं आणि पिवळा फिनॉल तयार होतो. तो ३८० नॅनोमीटरला मोजता येतो. आपण प्रोटीनमध्ये एक खिसा कोरतो, त्यात प्रोटॉन ओढायला ॲस्पार्टेट किंवा ग्लुटामेट बसवतो आणि सब्स्ट्रेट धरून ठेवायला एखादं सपाट ॲरोमॅटिक कडं. कल्पना एवढीच.

पुढे जाण्याआधी अपेक्षा नीट लावून घ्या. २००८ साली या अभिक्रियेसाठी कॉम्प्युटरवर आखलेली पहिली एन्झाइम्स 'नेचर'मध्ये आली, तेव्हा प्रयोगशाळेत तपासलेल्या ५९ डिझाइनपैकी ८ चालली होती. २०१० च्या डील्स-आल्डर अभिक्रियेच्या कामात ८४ डिझाइन होती. त्यांतली ५० विद्राव्य मिळाली आणि २ चालली. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं, त्या डेव्हिड बेकर यांच्या गटाचे हे आकडे आहेत. म्हणजे एन्झाइम गप्प असणं ही खरी बातमीही असू शकते. पण ती खरी आहे, हे आधी सिद्ध करावं लागतं.

पहिली तपासणी: कागद आणि पेन

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. तरीही हीच तपासणी सगळे टाळतात.

प्रश्न असा विचारायचा: माझं एन्झाइम चालत असतं, तर मला ते दिसलं असतं का? समजा तुमच्या डिझाइनची कार्यक्षमता, म्हणजे केकॅट भागिले केएम, फक्त १० आहे (एकक प्रति मोलर प्रति सेकंद). पहिल्या खेपेच्या डिझाइनला हा आकडा अगदी साधारण आहे. २००८ च्या आठांतली ६ ते १६० या पट्ट्यात होती. आता एन्झाइम १० मायक्रोमोलर आणि सब्स्ट्रेट २०० मायक्रोमोलर घ्या. गुणाकार केला की मिनिटाला सुमारे १.२ मायक्रोमोलर पिवळा पदार्थ तयार होतो. त्याचा एक्स्टिंक्शन गुणांक (पदार्थ किती प्रकाश शोषतो तो आकडा) साधारण १५,८०० आहे, म्हणजे एक सेंटिमीटरच्या क्यूव्हेटमध्ये (मोजणीच्या चौकोनी पारदर्शक नळीत) मिनिटाला ०.०१९ इतका चढ. हा स्पष्ट दिसतो.

आता प्रोटीन वाचवायचं म्हणून एन्झाइम १ मायक्रोमोलरच घेतलं. चढ ०.००१९. त्यात क्यूव्हेटऐवजी ९६ खणांची प्लेट वापरली आणि २०० मायक्रोलिटर भरलं, तर प्रकाशाचा मार्ग सेंटिमीटरच्या निम्म्यापेक्षा थोडाच जास्त. चढ उरला ०.००१. आपल्याकडच्या जुन्या रीडरचा दिवा तेवढा तर स्वतःच सरकतो. एन्झाइम बोलत होतं, आपल्या कानापर्यंत पोचलं नाही.

माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी इथेच मिटल्या. एन्झाइम दहापट करा, क्यूव्हेट वापरा, पाच मिनिटांऐवजी तासभर मोजा. त्यानंतरही ग्राफ आडवा असेल तर पुढे वाचा.

दुसरी तपासणी: खोलीचं तापमान, पीएच आणि सब्स्ट्रेटची बाटली

कोकणात याला वेगळं महत्त्व आहे. आमच्या लॅबमध्ये एसी फक्त उपकरणाच्या खोलीत आहे आणि वीज गेली की तोही बंद. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, बाहेर बनतो.

ट्रिस बफरचा पीएच तापमानाबरोबर सरकतो: दर अंशाला साधारण ०.०२८ ने खाली. कुणी शीतखोलीत ४ अंशांना पीएच ८ लावला आणि मे महिन्यात ३२ अंशांच्या टेबलावर प्रयोग केला, तर प्रत्यक्ष पीएच ७.२ च्या आसपास असतो. खिशातला ग्लुटामेट पाण्यापासून दूर, तेलकट शेजारात बसलेला असल्यामुळे त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून बसतात तो आकडा) नेहमीपेक्षा वर गेलेला असतो. पीएच उतरला की तो स्वतःच प्रोटॉन घेऊन बसतो, मग सब्स्ट्रेटचा कसा ओढणार? ज्या तापमानाला मोजणार त्याच तापमानाला पीएच लावा. फॉस्फेट तापमानाने फारसा हलत नाही, तो वापरून एकदा ताडून बघा.

पी-नायट्रोफेनिल एस्टर वापरणाऱ्यांना आणखी एक खड्डा आहे. त्यांचा पिवळा पदार्थ पी-नायट्रोफिनॉल, पीकेए ७.१५. म्हणजे पीएच ७ ला निम्म्याहून अधिक पदार्थ रंगहीन रूपात असतो. अभिक्रिया झालेली असते, रंग दिसत नाही. आमसुलाच्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकला की रंग कसा पालटतो, ते घरी पाहिलंच असेल. रंगाचं पीएचशी असलेलं नातं तेच. केम्पच्या पदार्थाला ही अडचण पीएच ७ ला येत नाही.

मग बाटली. जुलैमध्ये उणे २० च्या फ्रीजरमधून सब्स्ट्रेटची कुपी काढून लगेच उघडली, तर आत दव पडतं. इथल्या हवेत ते टळत नाही. एस्टर त्या पाण्याने हळूहळू तुटतात. कुपी बंद ठेवूनच ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, अर्धा तास. सिलिका जेलच्या डब्यात ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते भाजून कोरडं करा. बेन्झआयसॉक्साझोलचा साठा कोरड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये करा, लहान लहान कुप्यांत वाटून. साठा पिवळट दिसला तर टाकून द्या. ती कुपी आधीच अर्धी खर्च झालेली आहे.

माझा एक अख्खा जून-जुलै या एका कुपीपायी गेला. तिसरं वर्ष होतं. मी आठ वेळा नवीन प्रोटीन बनवलं आणि सब्स्ट्रेट एकदाही बदलला नाही, कारण तो महाग होता. कुडाळहून आई फोन करायची, "झालां काय गो तुझां?" मी म्हणायचे, होतंय. नवीन कुपी मागवायला गाइडना एक ओळ लिहायची होती. ती लिहायला मला सात आठवडे लागले.

तिसरी तपासणी: मेलेला जुळा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच. एन्झाइम चालतंय म्हणून ज्यांनी पुढचा मजकूर वाचायचा नाही असं ठरवलंय, त्यांनीही इथे थांबावं.

तुमच्या डिझाइनमधलं जे एक अमिनो आम्ल काम करतं, ते बदलून निरुपयोगी करा. ग्लुटामेटचं ग्लुटामाइन, ॲस्पार्टेटचं ॲस्पराजिन किंवा ॲलॅनिन. बाकी प्रोटीन जसंच्या तसं. हा मेलेला जुळा मूळ डिझाइनबरोबर, त्याच दिवशी, त्याच कॉलमच्या पद्धतीने, त्याच बफरमध्ये शुद्ध करायचा. खर्च प्रायमरच्या एका जोडीचा. मूळ डिझाइन आणि जुळा यांच्या ग्राफमधला फरक, तेवढीच तुमच्या डिझाइनची कमाई. ब्लँकशी तुलना पुरत नाही.

का पुरत नाही, याची तीन कारणं.

एक, इमिडाझोल. निकेल कॉलमवरून प्रोटीन उतरवताना आपण २५० मिलिमोलर इमिडाझोल घालतो. ते स्वतः बेस आहे. एस्टर तोडतं, प्रोटॉनही ओढतं. डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पिशवीतून नको ते रेणू बाहेर जाऊ देणं) अर्धवट झालं आणि ब्लँकमध्ये साधा बफर घेतला, तर इमिडाझोलचं काम एन्झाइमच्या नावावर जमा होतं. ब्लँकमध्ये नेहमी डायलिसिसचा शेवटचा बफर घ्या, बाटलीतला ताजा नव्हे.

दोन, प्रोटीन म्हटलं की थोडंफार काही ना काही घडवतंच. १९९६ साली 'नेचर'मध्ये दाखवलं गेलं की रक्तातलं साधं सीरम अल्ब्युमिन, जे सगळ्या लॅबमध्ये डब्यात पडलेलं असतं, ते केम्प अभिक्रिया मुद्दाम घडवलेल्या प्रतिपिंडांच्या तोडीने चालवतं. त्याच्यात कुणी काही आखलेलं नव्हतं. एक तेलकट खिसा आणि जवळ एक बेस, एवढं पुरलं. म्हणून माझ्या ओळीत अल्ब्युमिनचाही एक क्यूव्हेट असतो.

तीन, पाहुणे. बॅक्टेरियाची स्वतःची एन्झाइम्स तुमच्या शुद्ध प्रोटीनमध्ये चिकटून येतात. हिशेब करा: तुमच्या डिझाइनची कार्यक्षमता १००, आणि त्याच अभिक्रियेचं नैसर्गिक एन्झाइम १० कोटींचं. मग दहा लाखांत एक भाग इतकी भेसळही तुमच्याएवढाच चढ देते. जेलवर ती कधीच दिसणार नाही. २००४ साली एका साध्या प्रोटीनचं ट्रायोजफॉस्फेट आयसोमरेज (पेशीत साखर मोडताना लागणारं एन्झाइम) बनवल्याचा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आला होता. २००८ मध्ये तो मागे घेतला गेला, कारण मोजलेलं काम ई. कोलायच्या मूळ एन्झाइमच्या भेसळीचं निघालं. केम्प अभिक्रियेला ई. कोलायमध्ये नेमून दिलेलं असं एन्झाइम नाही, म्हणून तिथे धोका कमी. एस्टर, फॉस्फेट, साखर यांवर काम करत असाल तर धोका मोठा. दोन कॉलम वापरा, आणि पहिल्या कॉलमनंतरच्या आणि दुसऱ्या कॉलमनंतरच्या प्रोटीनचं काम प्रति मिलिग्रॅम ताडा. शुद्धता वाढली आणि काम घटलं, तर काम पाहुण्याचं होतं.

हे शोधून काढताना मन खट्टू होतं, हे मला माहीत आहे. एका ज्युनिअरचं डिझाइन तिच्या जुळ्याइतकंच निघालं तेव्हा ती मांडवीच्या जेट्टीवर जाऊन संध्याकाळभर बसली होती. पण हे परीक्षकाने विचारण्याआधी तिला कळलं.

चौथी तपासणी: नळीत आहे तेच आहे का

प्लास्मिडचं पूर्ण सीक्वेन्सिंग करा, नुसत्या कडा नाहीत. मग प्रोटीनचं वस्तुमान. पहिला मेथायोनिन बॅक्टेरिया बऱ्याचदा कापून टाकतो, तेव्हा मोजलेलं वस्तुमान १३१ डाल्टनने (रेणूच्या वस्तुमानाचं एकक) कमी येतं. तो बिघाड नव्हे. हिस्टिडिन टॅगवर (निकेल कॉलमला चिकटावं म्हणून प्रोटीनला जोडलेल्या शेपटीवर) १७८ डाल्टनची भर दिसली तरी घाबरू नका, तो साखरेचा चिकटलेला तुकडा असतो. पण एक-दोन डाल्टनचा फरक दिसला तर डोळे उघडा: ग्लुटामेट आणि ग्लुटामाइन यांत एकाच डाल्टनचा फरक आहे, म्हणजे मूळ आणि जुळा यांच्या नळ्या अदलाबदल झाल्या असतील तर साध्या यंत्रावर ते सुटून जाईल. ते सीक्वेन्सिंगच सांगेल. आमच्याकडे असं झालंय. नळीवरचं मार्करचं अक्षर इथेनॉलने पुसलं गेलं होतं. तेव्हापासून झाकणावर आणि अंगावर, दोन्हीकडे लिहितो.

रत्नागिरीतून नमुने पुण्या-मुंबईला पाठवावे लागतात आणि पावसात घाटात दरड आली की कुरियर तिथेच. डीएनएला बर्फ लागत नाही. गाळणकागदावर थेंब वाळवून पाकिटात घालून पाठवा, नीट पोचतो. प्रोटीन मात्र ऑक्टोबरनंतर पाठवा, किंवा स्वतः रेल्वेने घेऊन जा.

पाचवी तपासणी: घडी बसली आहे का

जेलवरचा सुंदर पट्टा घडीबद्दल काहीच सांगत नाही, कारण त्या जेलमध्ये प्रोटीन मुद्दाम उलगडूनच घातलेलं असतं. हे माहीत असूनही आपण त्या पट्ट्यावर विश्वास ठेवतो.

घडी पाहायला सर्क्युलर डायक्रोइझम (प्रोटीन फिरता प्रकाश कसा शोषतं ते मोजणारी पद्धत) लागतं: २०८ आणि २२२ नॅनोमीटरला हेलिक्सच्या दोन दऱ्या दिसल्या पाहिजेत. बफरमध्ये मीठ नको, क्लोराइड २०० च्या खालचं सगळं गिळतं. हे यंत्र जवळ नसेल तर साइझ एक्स्क्लुजन कॉलम (रेणू आकारानुसार वेगळे करणारा) चालेल. प्रोटीन सुरुवातीलाच, रिकाम्या जागेत बाहेर पडलं तर ते गोळा झालंय. मग बॅक्टेरिया ३७ ऐवजी १८ अंशांना रात्रभर वाढवून पुन्हा बघा.

आणि फ्रीजर. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेवढं नाही, पण रात्री सहा तास वीज जाऊन सकाळी आलेली असते आणि कुणाला पत्ता नसतो. प्रोटीन वितळून पुन्हा गोठलेलं असतं. एका पेल्यात पाणी गोठवा आणि बर्फावर एक नाणं ठेवून पेला फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी नाणं बर्फाच्या आत गेलेलं दिसलं, तर आतलं सगळं संशयित. लॉगर असेल तर उत्तमच. नसेल तर पाच रुपयांत काम होतं. नमुन्यात १० टक्के ग्लिसरॉल घाला आणि एकदाच वापरायच्या छोट्या कुप्यांत भरा.

सहावी तपासणी: आता डिझाइन

इथवर सगळं स्वच्छ निघालं, दोन वेगवेगळ्या खेपांच्या प्रोटीनमध्ये मूळ आणि जुळा सारखेच निघाले, तर मान्य करा. डिझाइन खरोखर गप्प आहे.

तरी ते वाया गेलेलं नाही. २०१२ साली स्टीफन मेयो यांच्या गटाने केम्पसाठीचं आपलं पहिलं डिझाइन, एचजी-१, अजिबात चालत नाही म्हणून बाजूला टाकलं नाही. त्याची स्फटिकरचना आणि हालचालींचं सिम्युलेशन पाहिलं, तेव्हा दिसलं की खिसा पाण्याला उघडा आणि फार सैल आहे. त्यांनी खिसा प्रोटीनच्या आत खोल हलवला आणि एचजी-२ चालू लागलं; पुढच्या खेपेच्या आणखी एका दुरुस्तीने एचजी-३ त्याहून चांगलं चाललं. २०१३ मध्ये झुरिचच्या डोनाल्ड हिल्व्हर्ट यांच्या गटाने त्याच एचजी-३ वर उत्क्रांतीच्या (जीनमध्ये बदल करायचे, चांगलं चालणारं निवडायचं, पुन्हा तेच) १७ फेऱ्या केल्या, तेव्हा कार्यक्षमता २,३०,००० पर्यंत गेली.

पण हे काम एकटीने, उरलेल्या फेलोशिपच्या आठ महिन्यांत करायचं नाही.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

फ्रीजरचा कॉम्प्रेसर किंवा यूपीएस स्वतः उघडू नका. खाऱ्या हवेने आतल्या तारा गंजलेल्या असतात. मेकॅनिकला बोलवा आणि तोवर नमुने शेजारच्या लॅबमध्ये हलवा.

स्फटिकरचना, सिम्युलेशन आणि उत्क्रांतीच्या फेऱ्या यांसाठी ज्यांचं ते रोजचं काम आहे अशा गटाला लिहा. तुमच्याकडे शुद्ध प्रोटीन, जुळा आणि स्वच्छ आकडे असतील तर लोक उत्तर देतात. माझ्या दोन्ही पत्रांना उत्तर आलं होतं.

गाइडकडे चौथी खेप फसायच्या आत जा. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं आहेत आणि दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहायचं असतं. ती समिती याचसाठी आहे. तिथे गप्प डिझाइनचे आकडे दाखवा. पाच तपासण्या नीट केलेलं गप्प डिझाइन प्रबंधात एक प्रकरण होतं. त्याच नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती काढली आहे, पण तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट वाचून घ्या.

पैशाचंही बोलते. २०२३ च्या जानेवारीपासून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) महिना ३७,००० आणि एसआरएफ (सीनिअर) ४२,००० आहे, पण ते दर महिन्याला वेळेवर येतील असं धरून खोलीचं भाडं ठरवू नका. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवता आला तर ठेवा. मला ते जमलं नाही, आणि त्या काळात घेतलेले प्रयोगाचे निर्णयही घाईचे झाले.

शेवटचा थांबा तुमचा स्वतःचा आहे. रात्री झोप येत नाही, जेवण जात नाही, लॅबचा जिना चढताना छातीत धडधडतं, हे दोन आठवडे चाललं असेल तर ती प्रोटीनची अडचण राहिलेली नाही. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जा. घरी सांगा. एन्झाइम उणे ८० मध्ये ठेवलंत तर महिनाभर थांबेल.

मला फोन करणार असाल तर जरूर करा, फक्त त्याआधी तीन ग्राफ पाठवा: डायलिसिसच्या बफरचा ब्लँक, मेलेला जुळा आणि मूळ डिझाइन. तिन्ही एकाच दिवशी, एकाच कुपीतल्या सब्स्ट्रेटवर, एकाच मापाच्या अक्षांवर काढलेले. आणि कोपऱ्यात त्या वेळचं खोलीचं तापमान लिहा.